घरात झोली, दारात झोळी



झोळी हा एकच शब्द आम्ही लहानपणी दोन तऱ्हांनी बोलायचो. आमची घरातली बोली दखनी. तिच्यात 'ळ' नाही. त्यामुळं घरात असेपर्यंत झोली, आणि उंबरा ओलांडून गल्लीत आलं की झोळी. कराडच्या आसपासच्या आमच्या गावात दारावर फकीर यायचा, त्याच्या खांद्याला झोळी. गोसावी यायचा, त्याच्याही खांद्याला झोळी. शेजारणीचं तान्हं मूल आढ्याला टांगलेल्या झोळीत. आणि जावळी-पाटणच्या डोंगरातल्या वाड्यांवरून आजारी माणसाला चौघांनी खांद्यावर घालून रस्त्यापर्यंत आणायचं, तेही झोळीतच. इतक्या कामांना येणारं दुसरं कापड मला तरी माहीत नाही.

आता या झोळीला आणखी एक काम लागलं आहे. पुण्या-मुंबईची माणसं सुट्टीत रानात जातात, दोन झाडांना कापड बांधतात आणि त्यात झोपतात. त्याला हॅमॉक म्हणतात. शब्द ऐकायला इंग्रजी, पण तोही इंग्रजांचा नव्हे. कॅरिबियन बेटांवर तायनो नावाचे लोक राहत, त्यांचा तो 'हमाका'. १४९२ साली कोलंबस तिथं पोचला तेव्हा ती माणसं टांगलेल्या जाळ्यात निजत होती. ते पाहून युरोपातल्या खलाशांनी ती पद्धत उचलली. जहाज कितीही डोललं तरी टांगलेला माणूस आपला सरळ लोंबत राहतो, पडत नाही. आपल्याकडच्या बायकांना हे कोलंबसाकडून शिकावं लागलं नाही. बैलगाडीच्या साट्याखाली झोळी बांधून त्या मूल कुठल्या कुठं नेत होत्या.

हे सगळं आज सांगायचं कारण माझी नातवंडं. मुलगी पुण्याला असते. तिचा मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. मुलगा दिवसा वाघ. रात्री मात्र दिवा मालवला की त्याचा श्वास बदलतो. खोलीत दिवा हवा, दार उघडं हवं, आणि एवढं करूनही मध्यरात्री उठून तो आईच्या कुशीत येतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजार काही नाही, वयाबरोबर जाईल. पण वर्गात कुणाला तरी ते कळलं आणि पोरं चिडवू लागली. मग त्यानं शाळेच्या सहलीला जायचंच सोडलं, कारण सहल मुक्कामाची होती. माझी मुलगी फोनवर म्हणाली, "अब्बा, भीतीचं काही वाटत नाही. तो आता लपवायला शिकलाय, त्याचं वाटतं."

जावई उत्साही माणूस. त्यानं दोन नायलॉनच्या झोळ्या विकत आणल्या आणि ठरवलं, डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना बामणोली नाहीतर तापोळ्याला न्यायचं. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी तंबू ठोकून राहायची सोय तिथं बऱ्याच ठिकाणी आहे. जागा देखणी आहे, प्रश्नच नाही. पण पाण्यावरून येणारा वारा, भोवती अनोळखी माणसं, आणि घर चार तासांच्या अंतरावर. पहिल्या खेपेला हे नको, असं मी म्हणालो. पहिल्या रात्री मुलाला 'घरात जायचंय' असं म्हणता आलं पाहिजे, आणि म्हटल्यावर घर दिसलं पाहिजे.

मग जागेचा शोध सुरू झाला. शहरातल्या माणसाला वाटतं, सांगली-सातारा म्हणजे जिथं बघावं तिथं झाडं, कुठंही बांधा. तसं नाही, बरं का. कृष्णाकाठी आमराया आहेत, पण सांगलीपासून वर औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत, आणि मगर रात्री काठावर येते. शिराळा, वाळवा, कराड या भागात बिबट्यानं उसातच बिऱ्हाड थाटलंय. मादी पिल्लं देते तीही उसाच्या फडात. त्या रानाला खेटून लहान मुलांना झोपवू नये. कोयनेचं आणि चांदोलीचं जंगल तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं. तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि वासोट्यावर मुक्कामाला परवानगीच नाही. उन्हाळ्याची सुट्टी घ्यावी, तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं वळीव येतो, आणि विजा चमकत असताना झाडाखाली थांबायचं नसतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

उरला खानापूरचा घाटमाथा. विट्याच्या पुढं माझा कॉलेजातला मित्र राहतो. त्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला भारतभर पांगलेली. याचीही मुलं तिकडंच, केरळात. वस्तीवर हा आणि वहिनी. घरासमोर चिंचेची आणि आंब्याची जुनी झाडं, एकमेकांपासून चार-पाच पावलांवर. भोवती हरभरा, पलीकडं शाळू. फोन केला तर म्हणाला, "मर्दा, इचारतोस काय? पोरास्नी घिऊन ये. पर चिंचंला भूत हाय म्हंत्यात हितं, तेवढं त्यास्नी सांगू नगंस."

भुताचं आमच्याही घरात निघालंच. माझी बायको म्हणाली, मगरिबच्या वेळेला पोरांना झाडाखाली नेऊ नये, अशी आपली रीत आहे. मी म्हणालो, मगरिब झाल्यावर नेतो. शाळेत आम्हाला मास्तर दुसरंच कारण सांगायचे, की झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात. सोडतात हे खरं. पण उघड्यावर ते हवेत पांगून जातं, त्याची काळजी करायचं कारण नाही. भूत आणि वायू दोघांनाही बाजूला ठेवून आम्ही निघालो.

जायच्या आधी आठवडाभर मुलांना दुपारची झोप घरातल्या कडीपाटाला टांगलेल्या झोळीत दिली. नवी जागा आणि नवं अंथरूण, दोन्ही एकाच रात्री नको.

संध्याकाळी वस्तीवर पोचलो, तेव्हा अर्ध्या मैलावर रस्त्याकडेच्या माळावर कोप्या दिसल्या. टेंभू योजनेचं पाणी घाटमाथ्यावर आल्यापासून इथंही ऊस झाला, आणि उसापाठोपाठ तोडणीची माणसं आली. ही बीडकडची होती. दसरा-दिवाळीला घर सोडायचं आणि पाडव्याच्या आसपास परतायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हात थांबत नाहीत. मित्राला त्यांच्याकडून बैलांसाठी वाढं घ्यायचं होतं, म्हणून आम्ही सगळेच चालत गेलो.

एका कोपीबाहेर लाकडाचा तिकाटणा रोवून त्याला जुन्या लुगड्याची झोळी टांगली होती. आत वर्षा-दीड वर्षाचं मूल. नातवाएवढीच एक पोरगी एका हातानं दोरी ओढत होती आणि दुसऱ्या हातानं चुलीत पाचट सारत होती. नातू तिच्याकडं बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "आमच्याकडं पण आहे. आम्ही आज झाडाला बांधून झोपणार आहे." पोरीनं विचारलं, "कामून? घर नाही का तुम्हाला?"

जावई हसला. नातू हसला नाही. त्यानं खरंच उत्तर शोधलं, आणि त्याला ते सापडलं नाही.

मी तिच्या आईला विचारलं, "बाई, पहाटे अंधारात फडात जाता. लेकरांना सोबत नेता. भीती वाटत नाही का?" त्या म्हणाल्या, "वाटतंय की भेव. म्हणून तर फडात झोळी माझ्या डोळ्यापुढं बांधते. आणि मी बी त्याला दिसले पाहिजे. नाही दिसले की वरडतंय."

गेली तीस-पस्तीस वर्षं मी कविता लिहितो. एखादी गोष्ट एवढी नेमकी मला क्वचित सांगता आली आहे. आपण शहाणी माणसं मूल आपल्याला दिसतंय यावर समाधान मानतो. दाराच्या फटीतून डोकावून बघतो आणि निघून जातो. मुलाला आपण दिसतो का, हे बघत नाही. माझ्या नातवाचं रात्रीचं दार उघडं असायचं, दिवाही असायचा. पण त्या उघड्या दारातून त्याला दिसायची ती रिकामी बोळकांडी.

वस्तीवर आल्यावर जावयानं झोळ्या बांधायला घेतल्या. त्यानं त्या खाटेसारख्या ताठ ताणल्या. वाढ्याचा भारा घेऊन ती पोरगी आमच्या मागोमाग आली होती. ती बघून म्हणाली, "एवढं ताणू नका. लेकरू उलथतंय." अगदी बरोबर. ताणलेली झोळी उलटते, सैल झोळी माणसाला पोटात घेते. दोऱ्या झाडापासून चांगल्या तिरक्या खाली उतरल्या पाहिजेत आणि मधला भाग केळ्यासारखा वाकला पाहिजे. त्यात सरळ लांब न झोपता जरा आडवं, कोनात झोपलं की पाठ सपाट राहते. बसल्यावर मोठ्या माणसाचे पाय जमिनीला टेकावेत, एवढीच उंची. मुलांसाठी त्याहून खाली, आणि खालचे दगड-खुंट वेचून टाकायचे. आधी मोठ्यानं बसून वजन द्यायचं, मग मूल. एका झोळीत एकच मूल. आणि वर्षाच्या आतलं तान्हं असेल तर त्याला झोळीत ठेवून नजर काढायची नाही. मान छातीवर वाकली की श्वास कोंडतो.

झाडाचीही काळजी असते. बारीक दोरी सालीत रुतते, आणि झाडाचं अन्न सालीतूनच खाली उतरतं. आम्ही गोणपाटाची घडी मध्ये घालून मग रुंद पट्टा गुंडाळला. चिंच आणि आंबा मजबूत. शेवगा आणि पांगारा यांच्यावर कधी विश्वास ठेवू नये, खोड कितीही जाड दिसलं तरी फांदी ठिसूळ. वर वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ नाही ना, हे उजेड असतानाच बघायचं. दोरीला तेलात भिजवलेली चिंधी बांधली की मुंगळे उतरत नाहीत. आणि जमिनीवर झोपण्यापेक्षा टांगून झोपणं आपल्या मुलखात बरंच, कारण मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही.

आता थंडीविषयी. इथं मला थोडी बढाई मारू द्या, कारण आमचा धंदाच मुळी झोपेचा. आम्ही पिंजारी. माझे वडील खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव गाद्या-उशा भरत हिंडायचे. तातीचा तो टणत्कार ऐकला की बायका जुन्या गाद्या घेऊन अंगणात यायच्या. वडील सांगायचे, ऊब कापसात नसते, कापसानं धरून ठेवलेल्या हवेत असते. गादी दबून गठ्ठा झाली की कापूस तोच, वजन तेच, पण ऊब गेलेली. पुन्हा पिंजायची म्हणजे तिच्यात पुन्हा हवा भरायची.

झोळीत नेमकं हेच होतं. माणूस वरून कितीही पांघरो, पाठीखालचं पांघरूण त्याच्याच वजनानं चेपतं आणि खालून वारा लागतो. डिसेंबरात घाटमाथ्यावर पहाटे हुडहुडी भरते ती पाठीकडून. म्हणून वहिनींच्या दोन जाड वाकळा मागून घेतल्या आणि त्या झोळीच्या आत न घालता बाहेरून, खालच्या अंगानं सैलसर टांगल्या. त्यांच्यावर वजन पडत नाही, मधली हवा तशीच राहते. आत अंथरायला आटपाडीकडची घोंगडी, कारण लोकर सहजी चेपत नाही. जावयाला हे पटेना. पुण्याच्या दुकानात यासाठी वेगळं पांघरूण मिळतं आणि त्याची किंमत काही हजार असते, हे त्यानंच मग मोबाइलवर शोधून मला दाखवलं.

माझी बाज मी दोन्ही झोळ्यांच्या मधे टाकली आणि उशाशी एक कंदील, वात अगदी बारीक. मुलांवर उजेड पडू नये, माझ्यावर पडावा, असा ठेवला. जावई ओट्यावर. घराचं दार उघडं, ओट्यावरून झोळीपर्यंत तीस पावलं. नातवानं ती दोनदा मोजली. मी त्याला सांगून ठेवलं होतं, केव्हाही आत जावंसं वाटलं तर जायचं, कुणी कारण विचारणार नाही. सकाळीही नाही.

धाकटी पडल्या पडल्या झोपली. ती बहुतेक भुतालाही झोपवेल. नातू जागा. डिसेंबरात मृग नक्षत्र रात्रभर आकाशात असतं. त्याला दाखवलं, हे हरणाचे चार पाय, हा पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, तो खाली लखलखतो तो व्याध, आणि तो तिकडं कृत्तिकांचा झुबका. त्यानं विचारलं, "हरणाला बाण लागलाय तर ते पळतंय कसं?" मी म्हणालो, "माहीत नाही. रोज रात्री पळतंय एवढं खरं."

अकराच्या सुमाराला माळावर कोल्ही ओरडली. एकानं सूर लावला की सगळी लावतात. झोळी हलली. नातू उठून बसला होता, आणि त्याचा तो बदललेला श्वास मला ऐकू येत होता. मी काही बोललो नाही. उठून बसलो आणि त्याच्या झोळीची दोरी हातात धरली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "नाना, तुम्ही झोपलात तर?" मी म्हणालो, "झोपलो तरी इथंच दिसेन." तो परत आडवा झाला. कोल्ही थांबली, पुन्हा सुरू झाली. दीडच्या सुमाराला तो उतरला, चपला झटकून पायात घातल्या, हे त्याला शिकवलं होतं, आणि बाजेवर माझ्या शेजारी येऊन निजला. घरात गेला नाही. मी कारण विचारलं नाही.

पहाटे चारला ट्रॅक्टरच्या आवाजानं आम्ही दोघंही जागे झालो. माळावर कंदील हलत होते, बायका-पोरं ट्रॉलीत चढत होती. दिव्याचा झोत आमच्या चिंचेवरून फिरून गेला. नातवानं विचारलं, "ती पण उठली असेल?" मी म्हणालो, "उठली असेल." "मग तिची शाळा?" मी त्याला जमेल तसं सांगितलं. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या होत्या, आता गावाकडं हंगामी वसतिगृहं असतात, मुलांनी आजी-आजोबांजवळ राहून शिकावं म्हणून. पण ज्या घरात तान्हं मूल असतं, तिथं त्याला सांभाळायला मोठी बहीण लागते, म्हणून ती आईबरोबर येते. तो बराच वेळ गप्प होता. दिवाळी ते पाडवा किती महिने होतात, ते त्यानं बोटांवर मोजलं. शाळेला इतकी सुट्टी म्हणजे त्याला आधी चैन वाटली असावी. मग म्हणाला, "पण तिला सारखी दोरीच ओढायला लागते."

सकाळी झोळ्या सोडल्या. सालीवर वळ उठलेला नव्हता. मित्रानं शाळूचा हुरडा अजून तयार नसल्याबद्दल तीनदा खंत व्यक्त केली आणि जानेवारीत पुन्हा यायचं वचन घेतलं. निघताना नातवानं आपली झोळी घडी करून पिशवीत भरली, पुन्हा बाहेर काढली, आणि बापाला विचारलं, ही तिला दिली तर चालेल का. जावयानं माझ्याकडं पाहिलं. आम्ही गाडी माळाकडं वळवली. कोप्यांवर एक म्हातारी तेवढी होती, बाकी सगळे फडात. तिनं नायलॉनचं कापड बोटांत चोळून बघितलं, दोन्हीकडून ओढून बघितलं आणि परत दिलं. म्हणाली, "लई गुळगुळीत हाय, बाबा. लेकरू घसरतंय याच्यात. पट्टे तेवढे ठेवा, पट्टे चांगले हायेत." पट्टे ठेवून आलो.

नातवाच्या खोलीत अजून दिवा असतो. पण त्याची आई आता दाराबाहेर निघून जात नाही. बोळकांडीत खुर्ची टाकून, त्याला दिसेल अशी, वाचत बसते. जानेवारीत हुरड्याला गेलो तेव्हा माळावरच्या कोप्या उठून पुढच्या गावाला गेल्या होत्या. आमच्या झोळीला त्या खेपेला मित्राच्या बैलांचे कासरे बांधले.